दोघींचा वर्ग

मला श्रीजा कधी आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात "काय गुणाची पोर होती!" म्हणणारी माणसं अजून आहेत, आणि तो विषय निघाला की मला चहा गाळायच्या निमित्ताने आत उठून जावं लागतं. गुणाची होती यात वाद नाही. अवगुणी असती तर माझं काम सोपं झालं असतं, तिला नावं ठेवता आली असती. पण ती नीटनेटकी होती, हसरी होती, मोठ्यांशी अदबीने बोलायची, आणि माझ्या आईला ती माझ्यापेक्षा जास्त आवडायची. आता पन्नाशी आली, केस पिकले, तरी हे शेवटचं वाक्य लिहिताना पेन जरा जोरातच टेकलं. मग म्हटलं, असू दे.

आमचा मळा नाशिकजवळ, आडगावच्या अलीकडे होता. आण्णा, म्हणजे माझे वडील, कोथिंबीर, मेथी, टोमॅटो करायचे आणि दिवाळी-दसऱ्याच्या बेताने झेंडू-शेवंती. पहाटे विहिरीवरची मोटार सुरू झाली की घर जागं होई. पाठोपाठ टेम्पो मागे घेताना आण्णांचा "येऊ दी, येऊ दी" असा आवाज, जुड्यांवर पाणी मारल्याचा सपकारा आणि तव्यावर पडलेल्या भाकरीचा वास. या सगळ्यात माझी आई इस्त्रीच्या सुती साडीचा पदर खोचून भाकरी थापत असायची. ती शहरातली, बी.ए. बी.एड. झालेली, मळेवाल्याच्या घरात पडलेली. तिच्या माहेरच्यांना या लग्नाची हळहळ होती, पण तिला नव्हती. शहरातल्या एका इंग्रजी शाळेत ती मराठी शिकवायची आणि शिक्षिकेची मुलगी म्हणून मलाही तिथं घेतलं होतं. आम्ही दोघी एकाच बसने जायचो. बसमध्ये ती आई असे. शाळेच्या फाटकातून आत शिरली की टीचर. मधल्या सुटीत मी चुकून एकदा "आई" म्हटलं तर तिनं ऐकू न आल्यासारखं केलं. बाकीच्या पोरांना वाटायला नको, लेकीचे लाड चाललेत म्हणून. लाड कसले, माझ्या वहीवर लाल शाई सगळ्यांत जास्त पडायची.

त्या शाळेत एक जमात होती, तिला आम्ही सूटवाले म्हणायचो. अंबडच्या कारखान्यांत बाहेरच्या राज्यांतून साहेब लोक आलेले असत. आज इथं, उद्या भोपाळला, परवा आणखी कुठं. त्यांच्या मुलांवर मराठीचं ओझं कशाला, म्हणून त्यांना मराठीतून सूट असे. मराठीचा तास लागला की ही पोरं वह्या-पुस्तकं आवरून खुशाल बाहेर पडायची. आम्ही आत समानार्थी शब्द घोकतोय आणि ही मंडळी मैदानात चेंडू टोलवतायत, नाहीतर बदामाच्या झाडाखाली डबा उघडून बसलीयत. त्यांचा मला इतका हेवा वाटायचा की देवाकडे मी एकदा मागितलं होतं, आण्णांची बदली होऊ दे. मळ्याची बदली होत नसते हे मला माहीत होतं, तरीही मागितलं. त्यात माझी गोष्ट आणखी वाईट. बाकीच्यांना मराठीचा एक तास, मला घरीदारी तीच बाई.

श्रीजा आमच्या वर्गात आठवीत आली. केरळकडची. वडील अंबडला इंजिनिअर, घर सिडकोत. ती अर्थातच सूटवाली. पण ही मैदानात जाईना. वर्गाबाहेर खिडकीखाली पायरी होती, तिच्यावर चित्रकलेची वही घेऊन बसायची. एक दिवस आई धडा शिकवत होती. पाहुण्यांना कंटाळलेला एक माणूस शेवटी स्वतःच बिऱ्हाड बांधतो आणि त्याच पाहुण्यांच्या घरी मुक्कामाला जातो, अशी काहीतरी गोष्ट होती. आईनं ती रंगवून रंगवून सांगितली. वर्ग ढिम्म. मी तर ती घरी भांडी विसळताना ऐकलेली, मला कशाचं हसू येणार? आणि खिडकीबाहेरून एकदम खुदकन हसल्याचा आवाज आला. आईनं खडू खाली ठेवला आणि खिडकीशी जाऊन वाकून पाहिलं. तेव्हाचा तिचा चेहरा मला आठवतो. तसा चेहरा आमच्याकडे पाहुणा अचानक आला आणि तो नेमका आवडता निघाला तर व्हायचा. सिडकोच्या गल्लीत पोरांबरोबर खेळता खेळता श्रीजानं कानानंच बरीच मराठी उचलली होती. आईनं तिला आत बोलावलं नाही, नियम नव्हता. पण त्या दिवसापासून आई खिडकीच्या बाजूला उभी राहून शिकवायला लागली. हे वर्गात कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

मग रविवारी ती मळ्यावर यायला लागली. वडील स्कूटरवरून सोडायचे, संध्याकाळी न्यायचे. तिलाच मराठी वाचायला शिकायचं होतं म्हणे. सूट असताना! मला तो शुद्ध आगाऊपणा वाटला. पडवीत चटई टाकून दोघी बसत. थोडं लिहून झालं की आई तिला घेऊन वावरात जाई, आणि हा वाफा, ही सरी, हा पाट, ही मुकी कळी असं एकेक दाखवी. श्रीजा जीभ वळवून वळवून म्हणे आणि आई हरखून जाई. "ऐकलंत का, 'मुकी कळी' किती गोड म्हणाली!" आण्णाही मान डोलवत. "पोरगी लय हुशार हाय." मी बांधावर उभी. वाफा, सरी, पाट हे सगळं मला बोलता यायला लागल्यापासून येत होतं. म्हणूनच त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. घरात कोथिंबिरीच्या वड्या व्हायच्या, त्यातल्या कडेच्या, कुरकुरीत वड्या लहानपणापासून माझ्या. एका रविवारी आईनं त्या ताटलीत काढून तिच्यापुढे ठेवल्या. वर मला म्हणाली, "तू मधल्या घे गं, तू काय रोजचीच." रोजची असणं हा काय गुन्हा होता, हे मी त्या वेळी विचारलं नाही. तिनं आणलेले खोबरेल तेलातले केळ्याचे वेफर्स मात्र मी खाल्ले नाहीत. फार मोह झाला, तरी नाही.

दसरा म्हणजे आमच्याकडे धुमश्चक्री. आदल्या दिवसापासून पडवीभर झेंडूचे ढीग, हातात दाभण आणि सुतळी, बोटं पिवळी, त्या कडवट वासाने डोकं धरलेलं. दसऱ्याच्या सकाळी आण्णा पहिली खेप घेऊन गेलेले, आई आणि मी दुसऱ्या खेपेच्या माळा ओवत बसलेलो. मी त्यातून वेळ काढून पाटीवर सरस्वती काढली होती, फुलं वाहिली होती आणि आई बघेल अशा जागी ती टेकवून ठेवली होती. तेवढ्यात रिक्षा थांबली. श्रीजा आणि तिची अम्मा उतरल्या. द्वारकेच्या चौकात टेम्पोंच्या गर्दीत अडकल्यामुळे अम्मा घामाघूम, तरी काठाची पांढरी साडी अगदी कडक. तिच्या हातात पितळी ताट आणि ताटात शीग लावून तांदूळ. आईला वाटलं, सणाचं माणूस आलंय, ओटी घेऊन आलंय. आमच्याकडे बाईमाणसानं तांदळाचं ताट पुढे केलं तर दुसरं काय समजणार? तिनं लगबगीनं अम्माला हळदीकुंकू लावलं, ताट घेतलं, आत गेली आणि तांदूळ डब्यात ओतायला लागली. अम्मा मागोमाग स्वयंपाकघरात धावली.

"नहीं नहीं टीचर! पकाने का नहीं! लिखने का!"

आई डबा धरून उभी. मग श्रीजानं समजावलं. त्यांच्याकडे दसऱ्याला तांदळात अक्षर गिरवतात. लहान मुलाचं पहिलं अक्षर त्या दिवशी, आणि मोठ्यांनीही नवी विद्या धरायची तर त्याच दिवशी गुरूच्या हाताने. श्रीजाचं मराठी त्यांना माझ्या आईच्या हाताने रीतसर सुरू करायचं होतं. आईनं डब्यात गेलेले तांदूळ दाणा न् दाणा पुन्हा ताटात काढले. तिला इतकी वर्षं कुणी गुरू म्हटलं नव्हतं. शाळेत ती फक्त मराठी मिस. तिनं पिवळी बोटं साबण लावून धुतली, श्रीजाला मांडीशी घेऊन बसली, तिचं बोट आपल्या हातात धरलं आणि तांदळात सावकाश 'श्री' काढली. अम्मानं डोळे पुसले. श्रीजानं वाकून आईच्या पायांना हात लावला आणि आईनं तिला जवळ ओढून कपाळाचा मुका घेतला.

मी पुढे झाले. म्हटलं, "मलापण."

आई उठलीच होती. माळा तशाच पडल्या होत्या, टेम्पो परत यायची वेळ झाली होती. मला म्हणाली, "तुला काय, तुला येतं की लिहायला." आणि दाभण हातात घेतलं. माझी पाटी दुपारी कुणीतरी झेंडूच्या टोपलीखाली ठेवून दिली.

दिवाळीनंतर शाळेत बातमी आली. पुढच्या वर्षापासून शाळा दुसऱ्या परीक्षा मंडळाकडे जाणार आणि तिथं मराठी सक्तीची नाही. म्हणजे शाळेलाच सूट. खालच्या वर्गांतून मराठी जाणार, वर आमच्या वर्गाला फ्रेंच किंवा मराठी यांतलं एक घ्यायचं. मराठीला मुलं मिळाली तर तास, नाहीतर तोही बंद. प्रिन्सिपल मॅडमनी हे वर्गात सांगितलं तेव्हा आमच्या अस्सल नाशिककर पोरांनी बाकं बडवली. दारातून माझी आई तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा घेऊन येत होती. ती थांबली, बडवणं संपेपर्यंत बाहेर उभी राहिली, मग आत आली आणि वह्या वाटल्या. तास नसेल तर तिला शिशुवर्गावर घेऊ, असं तिला सांगण्यात आलं होतं. तिथं दोन बाया आधीच होत्या, तिसरीला नाकं पुसण्याखेरीज काम नव्हतं. घरी भाकऱ्या जाड व्हायला लागल्या. आण्णांनी एकदा भाकरी हातात तोलून पाहिली आणि आमटीत कुस्करली.

आजकाल माझ्या भाच्याच्या शाळेत मराठी शिकवायलाच पाहिजे असा नियम आलाय, तर आईबाप कुरकुरतात. पोरांना झेपत नाही म्हणे. त्यांचं ऐकताना मला त्या वेळची पालकसभा आठवते. तेव्हाही हेच, फक्त सूट मिळाल्याच्या आनंदात. फ्रेंचला मार्क मिळतात, पुढे उपयोग होतो, मराठी काय घरी बोलतोच. एक गृहस्थ आईला हसत म्हणाले, "मॅडम, तुमची मुलगी तरी तुम्ही ठेवून घेणारच!" आई उभी राहिली. "मी कुणाला ओढून आणणार नाही. ज्याला हवं त्यानं यावं. माझ्या मुलीवरसुद्धा सक्ती नाही." टाळ्या पडल्या. मलाही वाजवाव्याशा वाटल्या, कारण मी मनाने कधीच फ्रेंचमध्ये जाऊन बसले होते. अखेर मीही सूटवाली होणार होते. वर्गातल्या मुलींबरोबर मी 'बोंजूर'ही सुरू केलं होतं.

मराठीसाठी एकच हात वर झाला, तो श्रीजाचा. मॅडम म्हणाल्या, तुला सूट आहे, तुला घेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी अम्मा शाळेत हजर. तिच्या मोडक्यातोडक्या हिंदीत तिनं सांगितलं की आमची सूट परत घ्या. मॅडम नंतर शिक्षकांच्या खोलीत म्हणाल्या, "सूट मागायला आलेले पालक खूप पाहिले, परत करायला आलेली ही पहिलीच." तरी त्यांनी ते मान्य केलं. अडचण एवढीच राहिली की एका मुलीसाठी तास लावता येत नव्हता. आणखी एक तरी हवी होती.

सगळ्या शाळेचे डोळे माझ्याकडे. मी बुटांकडे पाहत होते. फ्रेंचची नवी मिस पुण्याची होती, तिच्याकडे टेपरेकॉर्डर होता, आणि मला मराठीतून सुटायचं होतं, बस्स. आईला शिशुवर्गात जावं लागेल हे मला कळत होतं. पण ज्या आईला दुसऱ्याची मुलगी मांडीशी घ्यायला वेळ होता, तिचं तिनं पाहावं, असं मनात पक्कं बसलं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना आण्णांनीच विषय काढला. "पोरीला फ्रेंच घिऊ दी. मार्क लय पडत्यात म्हनं."

"घेऊ दे की," आई म्हणाली. "मी कुठं नको म्हणते?" तिनं आण्णांच्या पानात पिठलं वाढलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही झाला तास तर श्रीजाला मी घरीच शिकवीन. रोज. शाळा सुटली की आपल्याच बसने येईल, तिचे बाबा अंधार पडायच्या आत घेऊन जातील. शिशुवर्गाच्या वह्या नसतात तपासायला, मला वेळच वेळ आहे."

रोज! बसमधलं बाकडं दोघींचं. म्हणजे त्या दोघी बसणार आणि मी दांडीला लोंबकळत येणार. पडवीत रोज चटई, रोज कडेच्या वड्या, आणि मी आतल्या खोलीत एकटी बोंजूर करणार. आण्णा म्हणाले, "चांगलं हाय, पोरीचा पाय शुभ हाय." मी पाणी प्यायले आणि ताटावरून उठले.

सकाळी शाळेत गेल्या गेल्या मी सांगितलं, मला मराठी हवंय.

वर्ग हसला. मॅडमनी मला ऑफिसात बोलावून पाठ थोपटली. आण्णांनी भाजीबाजारात सांगितलं, पोरीनं आईसाठी फ्रेंचवर पाणी सोडलं. येणारी-जाणारी बाई माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडायची. मातृभक्त म्हणून माझा एवढा बोलबाला झाला की खरं कारण सांगायची सोयच राहिली नाही.

आमच्या वर्गाला खोली मिळाली ती खेळाच्या सामानाची. कॅरमबोर्ड, फाटकी नेट, हवा गेलेले चेंडू यांच्यात एक बाक, त्यावर आम्ही दोघी, समोर आई. भिंतीपलीकडे सगळा वर्ग एका सुरात फ्रेंच म्हणायचा. आई त्या दोन वर्षांत जशी शिकवायची तशी ती आधी कधी शिकवत नव्हती, नंतरही कुणी मला शिकवलं नाही. एकेका कवितेवर आठवडा घालवायची. आणि मी अभ्यास करायचे तो श्रीजाला मागं टाकण्यासाठी. तिनं निबंधात एक म्हण घातली की मी दोन घालायचे. तिनं आईला हसवलं की मला झोप यायची नाही. ती माझ्याशी चांगली वागायची, वेफर्स द्यायची, मैत्रीण म्हणायची. मी हो हो म्हणायचे. आज मी चार ओळी बऱ्या लिहिते असं लोक म्हणतात, त्यातल्या निदान तीन तिला खाली पाडण्यासाठी शिकलेल्या आहेत.

दहावीनंतर तिच्या वडिलांची बदली झाली. निघायच्या आधी ती भेटायला आली तेव्हा आई फाटकापर्यंत गेली, स्कूटर वळणाआड जाईपर्यंत तिथंच उभी राहिली आणि परत आली ती डोळे लाल करून. आल्या आल्या कोथिंबीर निवडायला बसली. माझ्या मनात इतक्या दिवसांचं साठलेलं तेव्हा बाहेर आलं. तिला दुखवावं, एवढाच हेतू होता.

"मी मराठी तुझ्यासाठी घेतलंच नव्हतं," मी म्हटलं. "ती रोज इथं येऊन बसली असती, ते मला बघवलं नसतं म्हणून घेतलं."

"ठाऊक आहे," आई म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"अगं, सिडकोतून आडगावला रोज कोण पाठवतंय पोरीला? तिच्या आईला मी विचारलंसुद्धा नव्हतं. तुझ्या कानावर पडावं म्हणून बोलले. सक्ती करणार नाही असं चारचौघांत सांगून बसले होते, मग तुला आणणार कशी?" काड्या बाजूला टाकत ती चक्क हसली. "शिशुवर्गात गेले असते तर जीव गेला असता माझा."

मी खाली तिच्याशेजारी बसले. मला रागही येईना. उलट मनात एकदम उजेड पडल्यासारखं झालं. म्हणजे आईला मी हवी होते, आणि मला आणण्यासाठी तिनं हा एवढा घाट घातला होता. मी एक जुडी ओढून घेतली आणि शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "म्हणजे तिचं ते सगळं कौतुक, तेही मला दाखवायलाच होतं?"

आईचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काय ऐकायला बसलेय, हे तिला नक्की कळलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "ते खरं होतं."

आधी एक थाप सहज मारून मोकळी झाली होती. आणखी एक मारायला तिचं काय जात होतं, हे मला आजही कळलेलं नाही.